पाच वेळा लाल आलं, मग आता काळंच येणार ना?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत राहतो. ऑफिसच्या ग्रुपसोबत गोव्याला कॅसिनोत गेलो होतो, तिथे रूलेटवर (लाल-काळ्या आकड्यांचं फिरतं चाक, गोळी कुठल्या घरात थांबेल त्यावर पैसे लावायचे) लागोपाठ पाच वेळा लाल आलं म्हणून मी काळ्यावर 100 लावले, ते गेले मग 200, मग 400, असं डबल करत सहा वेळा हरलो. 6,300 गेले. मित्र म्हणतो अजून एकदा लावायचं होतंस, काळं येणारच होतं. पुढच्या महिन्यात परत चाललोय. माझं काय चुकलं?

उत्तर : तुमचा हिशोब हाऊजीचा आहे हो. सोसायटीच्या गणपतीत हाऊजी खेळतो तेव्हा निघालेला नंबर परत पिशवीत जात नाही, त्यामुळे उरलेल्यांचा चान्स खरंच वाढत जातो आणि आपल्या डोक्यात तेच बसलेलं असतं. रूलेटमध्ये मात्र प्रत्येक वेळी सगळे नंबर परत पिशवीत.

काल रात्री मी पोह्यांच्या डब्यात रूलेटच्या चाकावरच्या घरांसारख्या 37 चिठ्ठ्या टाकल्या, 18 लाल, 18 काळ्या आणि शून्याची एक हिरवी. एक काढायची, लिहायची, परत टाकून डबा हलवायचा. चाळिसाव्या चिठ्ठीच्या आसपास सलग पाच काळ्या आल्या नि मलाही वाटलं की आता लाल! पण डब्यात तेव्हाही 18 लालच होत्या, एकही जास्त नाही. 18 ऑगस्ट 1913 ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटवर सलग 26 वेळा काळं आलं होतं आणि लोक आता तरी लाल येईल म्हणून लावत राहिले, बरेच पैसे गेले त्यांचे.

आता डबल करण्याचं. काळ्याचा चान्स 37 मध्ये 18, म्हणजे निम्म्याहून कमीच, आणि सलग सहा वेळा हरणं हे साधारण पन्नास-पंचावन्नात एकदा होतंच, तुमचं काही जगावेगळं नशीब नव्हतं. मित्राचं ऐकून सातव्यांदा 6,400 लावले असते आणि काळं आलं असतं तरी सगळं वजा जाता हातात उरले असते फक्त 100. हरला असतात तर 12,700 गेले असते. शिवाय टेबलावर जास्तीत जास्त किती लावायचं याची लिमिट असते, त्यामुळे डबल करत राहणं कुठेतरी अडतंच.

कॅसिनो कमावतो कुठे ते बघा. एका नंबरावर 35 पट मिळतात, चान्स मात्र 37 मध्ये एक. समजा सगळ्या 37 नंबरांवर 100-100 लावले, 3,700 झाले, एक नंबर लागणारच, त्याचे 3,500 आणि तुमचे 100 मिळून 3,600 परत. 100 गेले ते गेलेच, प्रत्येक फेरीला, म्हणजे 2.7 टक्के. काही चाकांवर 00 पण असतो, तिथे 38 घरं होतात आणि हेच 5.26 टक्क्यांवर जातं.

ते 6,300 वसूल करायला जात असाल तर माझं ऐका, नका जाऊ. ग्रुपसोबत मजेला जाणार असाल तर 00 चं टेबल टाळा, आणि त्याआधी घरी एकदा डबा घेऊन बसा, मित्रालाही बसवा.