स्कूबा डायव्हिंग करताना तळाशी पडलेला मेलेल्या कोरलचा (प्रवाळाचा) छोटा तुकडा घरी आणला तर काय बिघडतं? डायव्हरची जबाबदारी नक्की काय असते?

बिघडतं, आणि तो गुन्हाही आहे. रीफ (प्रवाळाचे खडक) बांधणारे सगळे कठीण कोरल, काळं कोरल आणि समुद्रपंखे (पंख्यासारखं पसरणारं कोरल) २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. शिक्षा ३ ते ७ वर्षं, वर किमान २५,००० रुपये दंड. जिवंत की मेलेलं, याने सुटका होत नाही. अंदमानच्या विमानतळावर सामानातून असे तुकडे काढून घेतात.

एवढ्यावर थांबले असते, पण तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या ग्रुपमधल्या एकाचं वाक्य जसंच्या तसं कानात वाजलं. "मेलेलाच होता गं, मी कुठे तोडला?"

आम्ही पुण्याचे काहीजण हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) गेलो होतो. कोणी नवशिके नव्हते, सगळे सर्टिफाइड. डाइव्ह संपवून बोटीवर चढलो, टाक्या लावून ठेवल्या, आणि या मित्राने बीसीडीच्या (डायव्हरच्या हवा भरायच्या जॅकेटच्या) खिशातून मुठीएवढा फांद्याफांद्यांचा तुकडा काढून फळीवर ठेवला. तपकिरी, हाताला बुळबुळीत. मी बघत असतानाच फांद्यांच्या बेचक्यातून नखाएवढा खेकडा बाहेर आला, ओल्या फळीवर तिरका धावला आणि परत आत घुसला. हे खेकडे जिवंत कोरलमध्येच राहतात. त्याचा चिकटा खातात आणि कोरल खायला येणाऱ्या काटेरी तारामाशाला चिमटे काढून हाकलतात. घरमालक मेलेला असता तर हा भाडेकरू तिथे नसता.

मी तिथेच सांगितलं, हा परत जाणार. गाइड गप्प. गिऱ्हाईक दुखवायचं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचा मला आजही राग आहे. गाइडने तिथे तोंड उघडायलाच हवं होतं, तो त्याच्या कामाचा भाग आहे. शेवटी बोटीवरचा एक पोरगा मास्क लावून उतरला आणि उथळ जागी खडकाच्या फटीत तो तुकडा बसवून आला. मित्र मात्र परतीच्या प्रवासात माझ्याशी बोलला नाही. चारचौघांत अपमान केलास, म्हणाला.

पुढे कोथरूडला एकाच्या गच्चीवर कोजागिरीला हाच विषय पुन्हा निघाला. त्या मित्राचं म्हणणं, ट्रॉलर अख्खा तळ खरवडून काढतात, समुद्र तापून रीफच्या रीफ पांढऱ्या पडतायत, आणि तू माझ्या एका तुकड्यावर घसरलीस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं. पण म्हणूनच तर! उष्णतेतून जे कोरल तगलं, त्याच्याच पिल्लांवर पुढची रीफ उभी राहायची आहे. भरीव गोल कोरल वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. समुद्र थंड करणं माझ्या हातात नाही, खिशात काय घालायचं ते आहे. आणि खरोखर मेलेला तुकडाही फुकट पडलेला नसतो. त्याच्या कडक पृष्ठभागावर कोरलची नवी पिल्लं बसतात, भोकांत दुसऱ्या जातींचे किडे-खेकडे राहतात.

शोकेसमध्ये पांढरंशुभ्र, टोकं शाबूत असलेलं कोरल दिसलं की ओळखावं, हे बहुधा जिवंतच उचललंय. तळाशी मरून पडलेलं झिजतं, शेवाळतं. जिवंत आणलेलं आधी कुजून भयंकर घाण मारतं, मग ब्लीचमध्ये बुडवून पांढरं करतात. आपल्याकडे फ्लॅटच्या भिंतीवर वास्तुदोषासाठी 'इंद्रजाल' फ्रेम करून लावतात, तेही समुद्रपंखे किंवा काळं कोरलच. घेणारे आहेत म्हणून कोणीतरी ते उपटतो.

जबाबदारीचं विचारलंत. माझं मत सरळ आहे: ज्याला पाण्यात एका जागी तरंगत राहता येत नाही, त्याने रीफजवळ जाऊ नये, आधी पूलमध्ये सराव करावा. पाण्याखाली जायला कमरेला लावायची वजनं गरजेपुरतीच लावा. गेज (टाकीतली हवा दाखवणारं मीटर) लोंबकळत ठेवू नका, रीफवर गुडघे टेकू नका, फोटोसाठी हात ठेवू नका. हातमोजे घातले की लोक बिनधास्त पकडतात, म्हणून तेही नकोत.

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकाला हे सगळं लागू करत नाही. तिथे तुमचा सगळा ताबा इन्स्ट्रक्टरकडे असतो, त्यामुळे त्याने कुठे नेलं याचा जाबही त्यालाच विचारा. कोळ्यांच्या जाळ्यात अडकून येणाऱ्या तुकड्यांचा प्रश्नही वेगळा आहे. आणि अंगठीतलं लाल पोवळं म्हणजे बहुधा भूमध्य समुद्रातलं निराळंच कोरल, त्याबद्दल मी इथे बोलत नाहीये.

कोणी उचलताना दिसलाच तर बोट जागेवर आहे तोवर बोला. किनाऱ्याला लागल्यावर तो तुकडा परत जागेवर जात नाही. विक्री दिसली तर वन विभागाला कळवा, महाराष्ट्रात १९२६ वर फोन करता येतो. मित्र रुसेल. माझाही रुसला, अजून "एवढंसं तर होतं" म्हणतो. मीही त्याला अजून तेच विचारते: मेलेला होता, तर मग तो खेकडा तिथे काय करत होता?