फडाच्या नावानं शोधा

वाचकांचे प्रश्न : जुन्या लोकगीतांच्या तबकड्या आणि कॅसेट

प्रश्न : माझे पणजोबा तमाशात ढोलकी वाजवायचे. साधारण १९४० च्या सुमारास त्यांची 'रेकॉर्ड निघाली होती' असं आजी सांगायची. घरात ना तबकडी आहे ना फोटो. आजीला एका लावणीची पहिली ओळ येत होती. ती इंटरनेटवर टाकली की भलत्याच गायिकांची गाणी समोर येतात. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : पणजोबांचं नाव लेबलवर सापडेल ही आशा आधी सोडा. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर गाणाऱ्याचं किंवा गाणारणीचं नाव छापलेलं असतं आणि फार तर पुढे 'आणि पार्टी'. ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी (मागून सूर धरणारे), सगळे त्या 'पार्टी'त गेले. याचा मला फार राग येतो, कारण लावणीची जुनी तबकडी लावली की शब्द कानावर पडायच्या आधी आपल्याला पकडते ती ढोलकीच. पण आहे हे असं आहे, म्हणून शोध वेगळ्या बाजूनं करावा लागतो. पणजोबा ज्या फडात, म्हणजे तमाशाच्या मंडळीत, होते त्या फडाचं नाव आधी काढा.

त्यासाठी घरातल्या आणि भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा. गाणं कोणतं, असं विचारू नका. सरदार, म्हणजे फडाचा प्रमुख, कोण होता, गाणारी बाई कोण, कोणत्या यात्रेची सुपारी ठरलेली असायची, रेकॉर्डिंगसाठी मुंबईला कधी गेले, कोणाच्या घरी उतरले, हे विचारा. माझा अनुभव असा की गाण्याचे शब्द विसरले जातात, पण आपला माणूस मुंबईला जाऊन आला ही आठवण घरात तीन पिढ्या टिकते. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. तिथेही एकदा जाऊन या. कोणता फड कोणापासून फुटला, कोण कोणाकडे वाजवायचं, हे तिथली जुनी माणसं न अडखळता सांगतात.

पहिल्या ओळीनं तुमची दिशाभूल का झाली तेही सांगतो. तुमच्या शेजारच्याच रेठरे हरणाक्षचे शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या लावण्या कितीतरी फडांनी गायल्या आहेत. एकच मुखडा अनेक गळ्यांतून फिरतो. त्यामुळे ओळ जुळली म्हणजे तबकडी सापडली असं होत नाही. आजीला शेवटची ओळ येत होती का, ते आठवून पाहा. शाहिराची नाममुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेलं त्याचं नाव, तिथे असते. त्यावरून निदान रचना कोणाची ते ठरेल आणि शोधाला एक टोक मिळेल.

फडाचं किंवा गाणारणीचं नाव हाती आलं की मग कागद. ग्रामोफोन कंपन्या दुकानदारांना भाषावार याद्या आणि सूचिपत्रं पाठवायच्या. त्यांतली थोडी संग्राहकांनी जपली आहेत. तिथे शोधताना एकाच नावाची सगळी रूपं धरा. आडनावाच्या जागी गावाचं नाव लावलेलं असतं, नुसतं 'बाई' लावलेलं असतं, आणि इंग्रजी अक्षरांत 'लावणी'चं स्पेलिंग हव्या त्या तऱ्हेनं केलेलं असतं. यादीत नाव दिसलं की पुढचा नंबर लिहून घ्या. हिज मास्टर्स व्हॉइसच्या त्या काळातल्या बऱ्याच तबकड्यांवर नंबराआधी 'एन' असतो, कोलंबियाच्या तबकड्यांवर 'जी. ई.'. संग्राहकाला 'जुनी लावणी आहे का' असं विचारलंत तर तो हसून चहा पाजेल. नंबर सांगितलात तर उठून कपाट उघडेल.

'यंग इंडिया' हे लेबल मुद्दाम लक्षात ठेवा. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं हे लेबल १९३५ मध्ये सुरू झालं आणि साधारण वीस वर्षं चाललं. मोठ्या कंपन्यांच्या दारात पोचता न आलेल्या अनेकांना तिथे आवाज देता आला. तुमच्या पणजोबांचा काळ नेमका यात बसतो. कंपनी बंद पडली ती पडलीच, त्यामुळे तिचं जे काही उरलं आहे ते बहुतांशी लोकांच्या घरीच आहे.

माणसांपर्यंत पोचायचं तर 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही मुंबईची संस्था १९९० पासून आहे. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. ते चाळा, कोणाचा कशाचा अभ्यास आहे ते कळेल. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. तिथे तबकडीइतकंच तिच्या कागदी पाकिटाकडेही बघा. पाकिटावर दुकानाचा शिक्का असतो. सांगली किंवा कोल्हापूरच्या दुकानाचा शिक्का असलेला गठ्ठा दिसला तर तो तुमच्या भागात विकला गेलेला माल आहे. सावकाश, एकेक तबकडी बघा.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. त्यामुळे वगाचा किंवा पोवाड्याचा तुकडा 'भाग १', 'भाग २' असा दोन बाजूंवर, कधी दोन तबकड्यांवर पसरलेला असतो. 'भाग ३' हाती लागला तर पहिली तबकडी वेगळी होती हे समजून पुढे शोधा.

आणि त्याच फडाची त्याच सुमाराची दुसरीच तबकडी सापडली, तर ती सोडू नका. ढोलकी तुमच्या पणजोबांची असू शकते. मात्र ते त्या वर्षी त्या फडात होते असं घरातल्या कोणीतरी खात्रीनं सांगितल्याशिवाय त्यांचं नाव त्या गाण्याला जोडू नका. वादकांची नावं आधीच इतकी पुसली गेली आहेत की चुकीचं नाव लिहिणं म्हणजे दुसऱ्या एखाद्या ढोलकीवाल्याला पुन्हा पुसणं आहे.

प्रश्न : वडिलांकडे भीमगीतांच्या भरपूर कॅसेट होत्या, घर बदलताना बऱ्याच गेल्या. काही कंपन्यांची नावंही आता कोणाला माहीत नाहीत. अशा कॅसेट मिळतील का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मिळतील, पण घाई करा. तबकडीमागे लोक लागतात, कॅसेट भंगारात जाते. माझ्या मते आज सगळ्यात जास्त धोका ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या या कॅसेटनाच आहे. गावोगावच्या गायन पार्ट्यांनी छोट्या छोट्या कंपन्यांकडे गाणी भरली. त्या कंपन्या मिटल्या, मूळ टेप कुठे गेल्या याचा पत्ता नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) किंवा प्रल्हाद शिंदे यांचं काही ना काही निघत राहील. पण तुमच्या जिल्ह्यातला जो गायक रात्रभर सामना (दोन गायन पार्ट्यांचा मुकाबला) गायचा, त्याची कॅसेट कोणाच्या तरी माळ्यावर आहे, नाहीतर कुठेच नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीजवळ दादरच्या शिवाजी पार्कात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात. तिथे जुने विक्रेते गाठा. विकायला काय आहे ते बघाच, शिवाय पूर्वी ते माल कोणाकडून उचलायचे ते विचारा. गावात असाल तर बुद्ध विहारात आणि जयंती मंडळात विचारा. चौदा एप्रिलला लाऊडस्पीकर लावणाऱ्या साउंडवाल्याकडे अशा कॅसेटचे खोकेच्या खोके पडून असतात, याचा मला फार वेळा प्रत्यय आलेला आहे.

मिळालेली कॅसेट लगेच वाजवू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप चिकटते. पेन्सिल घालून हातानं थोडी फिरवा, मोकळी वाटली तरच पुढे जा. डबी तडकली असेल तर स्क्रूवाली चांगली डबी घेऊन टेप तिच्यात बसवता येते. आतल्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. गीतकार, कोरस, ढोलक, हार्मोनियम, सगळ्यांची नावं त्यावर असतात. वर कराडच्या वाचकांना जे कष्ट पडणार आहेत, ते तुमच्या नातवंडांना पडणार नाहीत.

प्रश्न : आजोळी ७८ च्या काही तबकड्या मिळाल्या. माझ्या नव्या रेकॉर्ड प्लेअरवर लावू का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : आहे त्या सुईनं नको. एल.पी.ची सुई साधारण २५ मायक्रॉनची असते, ७८ च्या खाचेला तिच्या जवळपास तिप्पट जाड सुई लागते. बारीक सुई तळाच्या धुळीत फिरते आणि नुसती खरखर ऐकू येते. प्लेअरला ७८ चा वेग आहे का ते बघा आणि वेगळी सुई घ्या. चावीच्या ग्रामोफोनवर तर मुळीच लावू नका, त्याची जड पोलादी सुई खाच कोरत जाते. धुताना स्पिरिट वापरू नका, तबकडीतली लाख त्यात विरघळते. साधं कोमट पाणी, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवून. नंतर उभ्या ठेवा.

प्रश्न : सापडलेलं गाणं यूट्यूबवर टाकलं तर चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन हक्क वेगवेगळे मोजा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९४० ची तबकडी केव्हाच मोकळी झाली आहे. शब्दांचा हक्क मात्र कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. पठ्ठे बापूराव २००६ पासून सर्वांचे आहेत, पण वामनदादांच्या शब्दांना २०६४ अखेरपर्यंत परवानगी लागेल. चालीचा हिशेबही संगीतकाराच्या मृत्यूवरून असाच करायचा. टाकाल तेव्हा लेबलचा फोटो, नंबर आणि तबकडी कोणत्या गावात मिळाली ते खाली लिहा.