बिअरच्या एखाद्या कंपनीने लोकांची गंमत करून केलेली, तुम्हाला खरोखर आवडलेली जाहिरात कोणती?

हायनेकेन या डच बिअर कंपनीने २००९ साली इटलीतील मिलान शहरात राबवलेली मोहीम माझ्या मते सर्वांत सरस आहे. २१ ऑक्टोबरच्या रात्री माद्रिदमध्ये रेआल माद्रिद विरुद्ध एसी मिलान हा चॅम्पियन्स लीग या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा सामना होता, आणि तो टीव्हीवर पाहायचा हे मिलानच्या चाहत्यांनी केव्हाच ठरवून ठेवलेले होते. कंपनीने नेमक्या त्याच वेळी शहरातील एका सभागृहात अभिजात संगीत आणि काव्यवाचनाचा बनावट कार्यक्रम ठेवला. चाहत्यांना तेथे आणण्यासाठी त्यांच्या प्रेयसी, वरिष्ठ आणि प्राध्यापक यांनाच कटात सामील करून घेतले. या माणसांचा शब्द मोडवत नाही, म्हणून हजाराहून अधिक चाहते सामन्यावर पाणी सोडून, मन मारून त्या खुर्च्यांवर येऊन बसले.

चार वादकांचे वादन रंगू लागले असताना मागच्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या. वरिष्ठांना नाही म्हणणे कठीण असते ना, आणि प्रेयसीला, असे विचारून शेवटी हा सामना चुकवण्याचा विचार तरी तुमच्या मनात कसा आला, असा प्रश्न आला. पाठोपाठ त्याच वादकांनी चॅम्पियन्स लीगचे गीत छेडले आणि पडद्यावर सामना थेट सुरू झाला. ते गीत मुळात टोनी ब्रिटन यांनी १९९२ मध्ये अभिजात संगीतकार हँडेलच्या 'झेडॉक द प्रीस्ट' या रचनेवरून बांधलेले असल्यामुळे मैफलीतून मैदानात जाताना सूर कोठेही तुटला नाही, आणि ही जुळणी मला संपूर्ण योजनेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. हायनेकेन २००५ पासून या स्पर्धेची प्रायोजक असल्याने खेळाशी तिचे नातेही ओढूनताणून जोडलेले नव्हते. फसवल्या गेलेल्या माणसाने जे गमावले होते, तेच त्याला सोबतीसह आणि मोठ्या पडद्यावर परत मिळाले; त्यात मिलानने सामना ३-२ असा जिंकला.

कार्ल्सबर्गने २०११ मध्ये बेल्जियममधील चित्रपटगृहात केलेली गंमतही प्रसिद्ध आहे. तेथे सारे प्रेक्षागृह दणकट, गोंदवलेल्या मोटारसायकलस्वारांनी भरून मध्यभागी दोनच जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. धीर करून तेथे बसलेल्या जोडप्यांना टाळ्या आणि बिअर मिळाली, परंतु माघारी फिरलेल्यांच्या पदरी केवळ भीती आणि प्रेक्षकांचे हसू आले, म्हणून मी तिला मिलानच्या मोहिमेच्या बरोबरीला बसवत नाही.