नवरा-बायकोचा सायकलचा वेग जुळत नसेल तर टँडम घ्यावी का? मागे बसणाऱ्याला कमी मेहनत पडते ना?

खरं तर मी इथे वाचायला येते, लिहीत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचलं आणि गॅस बंद करून बसले.

तुम्ही लिहिलंय की रविवारी दोघं निघता, बायको मागे पडते, तुम्हाला दर चौकात थांबून वाट बघावी लागते. म्हणून टँडम, म्हणजे एकामागे एक दोन सीट आणि दोघांची पायडलं असलेली सायकल, घ्यायची, तुम्ही पुढे, ती मागे. आणि वर विचारताय, मागे बसणाऱ्याला कमी मेहनत पडते ना?

नाही पडत.

नऊ वर्षं झाली, मी टँडमच्या मागच्या सीटवर आहे. वय ५३, गुडघे शाबूत. आमच्या धाकट्या दिराचं एक लाडकं वाक्य आहे, "वहिनींचं बरंय, मागे बसून गावभर फिरून येतात." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मीही हसले. मग ते दर गणपतीला, दर दिवाळीला, मुंजीत, बारशाला ऐकलं. नवरा अशा वेळी भजी खात असतो. 'तसं नाही रे, तीही तेवढंच मारते' एवढं एक वाक्य बोलायला त्याला सात वर्षं लागली. ती सात वर्षं कशी गेली ते आधी सांगते, मग तुमच्या प्रश्नाकडे येते.

टँडमवर पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर. स्टोकर म्हणजे बोटीच्या नाहीतर इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. माझे आजोबा दौंडला रेल्वेत फायरमन होते, म्हणजे हेच काम, त्यामुळे हा शब्द मला फार लवकर कळला. गाडी स्टेशनात शिरली की लोक ड्रायव्हरकडे बघायचे. आजोबा घरी आल्यावर आजी त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांवरची ठिणग्यांची भोकं रफू करत बसायची. तेव्हा मागचा आरामात असतो, हे मला कुणी शिकवू नये.

तर, पसरणीचा घाट. टँडम घेऊन आम्हाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. एक परदेशी जोडपं पुणं सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून ४५ हजारांना घेतलेली. डिसेंबरात पहाटे साडेचारला निघालो, जुन्या कात्रज घाटातून खेड शिवापूर. नीरेचा पूल ओलांडून शिरवळला आलो तेव्हा उजाडत होतं. पुढच्या सपाट रस्त्यावर ती सायकल जी सुटली! दोन माणसांचं बळ आणि वारा मात्र एका माणसाला लागेल त्याहून थोडाच जास्त. ३४ चा वेग, आणि तरी आम्ही गप्पा मारतोय. दोन सायकलींवर असताना निम्मा वेळ 'काय?' 'काय म्हणालीस?' करण्यात जातो. इथे त्याचा कान माझ्यापासून हातभर लांब. डाव्या-उजव्या बाजूला काय आहे ते मलाच दिसतं, त्याला फक्त डांबर. उसाला तुरे आले होते, एका शेतात पाणी सोडलेलं आणि त्यात बगळे, सगळं मी त्याला सांगत होते. तो तासभर मी आयुष्यात विसरणार नाही, आणि तुम्ही टँडम घेणार असाल तर त्या तासासाठीच घ्या.

खंबाटकी ट्रकांच्या धुरात चढलो. सुरूर फाट्याला मिसळ खाल्ली. साडेदहाला वाईत होतो, ९० एक किलोमीटर झाले होते. तिथे घाटावर गणपतीचं दर्शन घेऊन थांबायचं ठरलं होतं. नवरा म्हणाला, "आता काय, वर पाचगणीत जेवू."

वाई सोडली की लगेच पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव, आणि तिथून घाट. दहाएक किलोमीटरचा सलग चढ. टँडमची सपाटीवरची मिजास चढावर उतरते. चढावर सगळा हिशोब वजनाचा असतो आणि आम्ही दोघं मिळून १४० किलो, वर सायकल वीस किलो. सीटवरून उठून पायडल मारायचं तर दोघांनी एका क्षणी उठायला हवं, नाहीतर सायकल डुलायला लागते. आम्ही चालण्याच्या वेगाने चढत होतो. एक वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर चढ एकदम अंगावर आला आणि नवऱ्याने काही न बोलता पुढचा लहान गिअर टाकला.

कर्रर्र असा आवाज आला आणि पायाखाली काही उरलंच नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. चेन आतल्या बाजूला पडली होती. त्या चढावर, त्या वेगात टँडम एक सेकंदसुद्धा उभी राहत नाही. डावीकडे कलंडलो, नशीब त्या बाजूला डोंगर आणि गटार होतं. माझं कोपर सोललं. टँडमला डाव्या बाजूला पुढच्या-मागच्या क्रँकना, म्हणजे पायडलच्या दांड्यांना, जोडणारी एक चेन असते, तिच्या चक्राच्या दात्यांची काळी नक्षी माझ्या डाव्या पोटरीवर उमटली, ओळीत सहा टिंबं, त्यातली दोन अजून आहेत.

मी गटारात, पाय अजून पायडलमध्ये अडकलेला. आणि नवऱ्याचं पहिलं वाक्य काय असावं? 'लागलं का' नाही.

"पाय का थांबवलेस?"

वरून एक एसटी उतरत होती. ड्रायव्हरने वेग कमी केला आणि खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, काकूंना पाडलं की!" त्या माणसाला मी पुन्हा कधी बघणार नाही, पण या खटल्यातला तो माझा एकमेव साक्षीदार आहे.

त्या चढावर पुन्हा बसून सुटणं आम्हाला जमेना. अर्धा किलोमीटर ढकलत नेली. तो पुढे हँडल धरून, मी मागून सीट धरून, एक शब्द नाही. पाचगणीत जेवलो तेव्हा त्याने दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. ती माफी होती असं तो म्हणतो.

आता नीट ऐका, कारण हे तुमच्याही कामाचं आहे. चेनवर ताण असताना पुढचा गिअर बदलला तर ती पडण्याची शक्यता असते, हे सायकल चालवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. म्हणून गिअर टाकताना आपण अर्धा फेरा पाय हलका करतो. एकट्याच्या सायकलवर हे आपोआप होतं, कारण हात आणि पाय एकाच माणसाचे असतात. टँडमवर हात त्याचा आणि पाय चार. त्याने स्वतःचे दोन हलके केले, माझे दोन जोर लावतच होते, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला त्याच्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही. गिअर, खड्डा, गतिरोधक, ब्रेक, वळण, सगळं पुढच्याने आधी सांगायचं असतं. आमच्याकडे 'खड्डा!' ही आरोळी खड्डा गेल्यावर यायची. पुढचा बोलला नाही तर चूक पुढच्याची. यावर मी नऊ वर्षांत एक इंच हललेले नाही.

मग मी त्याची पाठ वाचायला शिकले. उजवा खांदा जरासा उतरला की गिअर येणार. मान आखडली की समोर काहीतरी आडवं आलंय. दोन्ही कोपरं आत आली की खड्डा. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण त्याच्या चेहऱ्यावरून इतकं कधी कळलं नाही.

मेहनतीचं म्हणाल, तर त्याचाही निकाल मी लावलेला आहे. एका दिवाळीत दिराचं ते वाक्य जरा जास्तच लागलं. पुढच्या रविवारी जुन्या कात्रज घाटात चढ लागला तेव्हा मी काही न सांगता जोर लावणं बंद केलं. पाय फिरत होते, फिरावेच लागतात, दोघांचे क्रँक जोडलेले असतात. फक्त दाबायचे थांबले. दोनशे मीटर गेलो नसू, नवरा धापा टाकत म्हणाला, "थांब जरा, मागचा ब्रेक घासतोय वाटतं." उतरून त्याने चाक उचललं, फिरवून बघितलं. चाक छान फिरत होतं. मी पाण्याची बाटली उघडून शांतपणे पाणी प्यायले. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच केलं आणि पुन्हा ब्रेक तपासला गेला. तेव्हा सांगितलं. भजी खाता खाता ते एक वाक्य त्याच्या तोंडून आलं ते त्याच महिन्यात.

दिराला पटवायला मात्र मोठी माणसं लागली. पॅरालिंपिकमध्ये टँडमच्या शर्यती असतात, त्यात दृष्टिहीन स्पर्धक मागे असतो आणि पुढचा डोळस माणूस त्याचा पायलट. म्हणजे स्पर्धक कोण, तर मागचा! पदक दोघांनाही मिळतं, ते योग्यच आहे. आणि इतक्या लांब कशाला, आपल्या पुण्याचे दिव्यांशु गणात्रा, स्वतः दृष्टिहीन, टँडमवर मनालीहून लडाखमधली खारदुंगला खिंड गाठून आलेत. ते काय मागे बसून गावभर फिरून आले? दीर म्हणाला, "वहिनी, ती वेगळी गोष्ट." वेगळी कशी ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

तर तुमचा प्रश्न. वेग जुळतो का? जुळतो, दुसरा मार्गच नसतो. पण मग पाय फिरवण्याची लय जुळत नाही. माझा नवरा जड गिअरवर मिनिटाला ६५ फेरे मारणारा, मी हलक्यावर ८० मारणारी. पहिले दोन महिने त्याच्या मांड्या भरून यायच्या आणि माझे गुडघे दुखायचे. आता पंचाहत्तरीच्या आसपास तह झालाय. तो तह होईपर्यंत लांब जाऊ नका. सुटताना कुठला पाय वर हे ठरवून ठेवा आणि सिग्नलला मागच्याने सीटवरून उतरायचं नाही, पुढच्याने दोन पाय फाकवून सायकल धरायची. तो दोन पायांत सायकल धरून उभा असताना मागच्याने पायडल उलटं फिरवायचं नाही. मी एकदा फिरवलं होतं, पुढचं पायडल त्याच्या नडगीवर बसलं. तो ते पसरणीच्या बरोबरीने मांडतो, पण त्यात पडलं कुणी नव्हतं.

कोणती घ्यावी, हे मी सांगू शकत नाही, आम्हाला मिळाली ती घेतली. आठ फुटांची सायकल लिफ्टमध्ये जात नाही, एवढं आधी मोजून बघा. मागच्या सीटला स्प्रिंगचा दांडा लावा, मागचा माणूस जवळजवळ चाकावरच बसलेला असतो, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. आणि घाट उतरताना जपून. आमच्या सायकलला रिमब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवरच दाबणारे, त्यामुळे पाचगणीहून खाली येताना मी चाकाजवळ हाताची मागची बाजू नेली तर तव्याची आच लागली. रिम फार तापली तर ट्यूब फुटू शकते. तीन ठिकाणी थांबून थंड होऊ दिली. डिस्कब्रेकची मिळाली तर बरं.

एक सांगायचं राहिलं. पसरणीच्या त्या वळणावर माझा एक हात हँडलवर नव्हता. पाठीच्या खिशातला शेंगदाण्याचा लाडू काढत होते. पाय चालू होते. बहुतेक. हे घरात माहीत नाही, आणि नवरा मराठीत काही वाचत नाही म्हणून इथे लिहितेय. यामुळे गिअर न सांगण्याचा गुन्हा कमी होत नाही.

आणि बायकोला विचारलंत का? ती मागे पडते असं तुम्ही म्हणता. कदाचित ती तिच्या वेगाने रस्ता बघत येत असेल आणि तुम्हीच पुढे पळत असाल. माझ्या मैत्रिणीने नवऱ्याबरोबर तीन वेळा टँडम चालवली आणि आता ती एकटी भुलेश्वरला जाऊन येते, खूश आहे. तिला यायचं असेल तर घ्या, पण पहिले दोन रविवार तुम्ही मागे बसा. पुढच्याला दोघांचं वजन पेलावं लागतं, त्यामुळे तिची उंची फार कमी असेल तर तिच्याऐवजी एखाद्या मित्राला पुढे बसवा. पण मागे बसाच.

दिराला गेल्या दिवाळीत आम्ही बसवलं. फराळ झाल्यावर दोघं भाऊ खडकवासल्याला जाऊन आले, येऊन-जाऊन तीस-पस्तीस किलोमीटर. परत आल्यावर बराच वेळ सोफ्यावर गप्प बसून होता. मी चहा दिला. म्हणाला, "वहिनी, दादा एकही खड्डा सांगत नाही हो."