आई-बाबांपाशी हा विषय काढायचा कसा?

"बाबांचं वय झालंय. उद्या काही झालं तर काय करायचं, पैसे कुठून आणायचे, काहीच ठरलेलं नाही. पण त्यांच्यापाशी हे बोलायचं कसं?" पन्नाशीच्या आसपासची माणसं समुपदेशनाला येतात ती झोप लागत नाही, चिडचिड होते असं सांगत. थोडं खोदलं की खाली बऱ्याचदा हाच प्रश्न सापडतो. त्याचं उत्तर एका घराच्या अनुभवातून देते. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव बदललं आहे.

विलास चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर. वडील एसटीतून निवृत्त, वय ७८, छातीत पेसमेकर, अलीकडे दोनदा आयसीयूत जाऊन आलेले. विलासच्या डोक्यावर घराचे हप्ते, आणि वहीत त्याने गुपचूप मांडलेला हिशेब: साताऱ्याकडच्या गावी न्यायची गाडी, लाकडं, दहावा, तेराव्याला गावजेवण. बेरीज दोन लाखांच्या पुढे. त्यासाठी पतपेढीत चौकशीही करून झालेली.

"एवढं सगळं करायलाच हवं?"

"हो मॅडम. एकुलता एक मुलगा मी. नाही केलं तर भावकी काय म्हणेल?"

"आणि बाबा काय म्हणतात?"

"त्यांच्यापुढे असलं अभद्र कसं बोलणार?"

मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेने काम करते. माणूस प्रसंगाने खचतो त्याहून जास्त स्वतःला घातलेल्या अटीने खचतो, हे मला पुन्हा पुन्हा दिसलं आहे. विलासची अट होती, खर्च केला तरच मी चांगला मुलगा. ती वाद घालून सुटली नसती. म्हणून त्याला एवढंच सांगितलं, "बाबांच्या मरणाबद्दल काही विचारू नका. आजोबा गेले तेव्हा काय काय केलं होतं, ते विचारा." म्हाताऱ्या माणसांना मागचं सांगायला आवडतं, आणि पुढच्या बोलण्याची वाट बऱ्याचदा तिथूनच निघते.

पुढच्या वेळी तो वडिलांनाच घेऊन आला. काठी भिंतीला टेकवून ते बसले आणि मी काही विचारण्याआधीच बोलू लागले. "याच्या आजोबांच्या तेराव्याला अख्खं गाव जेवलं. सोसायटीचं कर्ज फिटेस्तोवर थोरल्या लेकीची शाळा सुटली ती सुटलीच. तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण मला रोज दिसतं."

"बाबा, हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत."

"बोलायला लागलो की तूच म्हणतोस, अभद्र बोलू नका."

एवढ्या एका वाक्याने विलासचा वहीतला हिशेब मोडला. विषय काढणं मुलांना जड जातं, हे आपण धरूनच चालतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत म्हातारं माणूस तो कधीपासून काढत असतं. "मला नळ्या लावू नका रे", "माझ्या पाटल्या धाकटीला द्या". आणि मुलं प्रेमापोटीच त्याला गप्प बसवतात. गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये गेले, तेव्हा स्वतःच्या दहनापुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते. हे सांगितल्यावर विलासचे वडील, म्हणजे त्या घरातले आजोबा, खूश होऊन म्हणाले, "मग माझीही पुरचुंडी आताच बांधू."

आम्ही एक कागद केला. तुम्हीही करा, आणि सुरुवात पहिल्या काही तासांपासून करा, कारण गोंधळ तिथेच उडतो. माणूस घरी गेलं तर मृत्यूच्या कारणाचा दाखला (नमुना ४अ) उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यावा लागतो. अलीकडे कोणी तपासलेलंच नसेल तर डॉक्टर दाखला द्यायला कचरतात, मग पोलीस, शवविच्छेदन आणि दिवसभराची ओढाताण. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ओळखीच्या डॉक्टरांना नियमित दाखवत राहा. हा दाखला आणि आधार कार्ड दाखवून दहनाचा पास मिळतो. तुमच्या भागात तो कुठे मिळतो, रात्री कुठे मिळतो, हे आजच विचारून कागदावर लिहा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती तेव्हाच घ्या. बँक, पेन्शन, विमा, सातबारा, सगळीकडे लागतात.

पेसमेकरचं आजोबांच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. दहनाच्या उष्णतेने तो फुटतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. आमच्या कागदावर ती ओळ लाल शाईने आहे.

खर्चाचं म्हणाल तर लाकडाच्या चितेला साधारण ३०० किलो लाकूड लागतं. महापालिकेच्या विद्युत किंवा गॅसदाहिनीत तो खर्च उरतच नाही, शुल्क असलं तरी थोडं असतं. मयताच्या सामानाच्या दुकानात बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड एकत्र मिळतं. तिथे यादी घेऊन शेजाऱ्याला पाठवा. शोकातला मुलगा दुकानदार दाखवील ते घेतो. आजोबांनी स्वतः ठरवलं: दहन इथेच, अस्थी संगम माहुलीला, तेराव्याला घरचीच माणसं. डोळेही द्यायचे म्हणाले. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. नवा हिशेब वीस हजारांच्या आत बसला.

पण घरं कर्जात बुडतात ती अंत्यविधीपेक्षाही शेवटच्या आठवड्याने, हे मला ठासून सांगायचं आहे. बरं होण्याची आशा उरली नसताना व्हेंटिलेटर नको, असं आधीच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. आपल्या वतीने कोणी बोलायचं ते नाव त्यात हवं. रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळं खात्री करून घेतात, त्यामुळे मुलाला एकट्याने 'नळी काढा' म्हणायची वेळ येत नाही. आजोबा सही करताना म्हणाले, "याच्या मनाला टोचणी नको."

पेन्शनचं खातं आजोबांच्या एकट्याच्या नावावर होतं. तसंच राहिलं असतं तर आजींचा घरखर्च अडला असता. ते दोघांच्या नावावर, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो पैसे काढू शकेल असं, करून घेतलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे त्याच्या हाती देते, हक्क वारसांचाच राहतो. म्हणून मृत्युपत्र वेगळं करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये, एक लेकीकडे, आणि एक भावकीतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाकडे द्या, तीही आई-बाबांच्याच हातून. विलासचे चुलते कागद वाचून आधी रागावले. मग त्यांनी थोरल्या भावालाच फोन लावला. दोघं बराच वेळ बोलले, आणि तेराव्याच्या गावजेवणाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.