क्लिंगॉन भाषा छंद म्हणून शिकता येते का? मराठी माणसाला ती कितपत जड जाते?

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेतील क्लिंगॉन या परग्रहवासींची भाषा खरोखर शिकण्याजोगी आहे का, आणि मराठी मातृभाषेचा त्यात काही उपयोग होतो का, असे तुम्ही विचारले आहे. गेली तीन वर्षे मी ही भाषा सवडीने शिकत आहे. ती शिकता येते, आणि उच्चार व प्रत्यय या दोन बाबतींत आपल्याला मराठीचा चांगलाच आधार मिळतो. आपण अडखळतो ते शब्दक्रमापाशी.

पडद्यावर कलाकारांनी तोंडाला येईल ते खेकसावे, एवढेच क्लिंगॉनचे स्वरूप असावे, असा अनेकांचा समज असतो. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात मोजकेच शब्द होते हे खरे. परंतु १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी त्या शब्दांभोवती पुरते व्याकरण उभे केले, आणि १९८५ मध्ये त्यांचा शब्दकोश प्रसिद्ध झाला. ओक्रँड यांचा प्रबंध कॅलिफोर्नियातील मुत्सुन या मूळनिवासींच्या भाषेवर होता. भाषांमध्ये सहसा काय आढळते हे त्यांना ठाऊक असल्यामुळे, ते हेतुपुरस्सर कसे टाळायचे हेही त्यांना साधले.

उच्चारांपासूनच त्याची प्रचिती येते. या भाषेत ‘ड’ आहे, पण ‘ट’ आणि ‘द’ नाहीत. ‘ष’ आहे, पण ‘स’ आणि ‘श’ नाहीत. शाळेत आपण ज्याला पोटफोड्या ष म्हणून लिहायला शिकलो आणि बोलताना ज्याचा बिनदिक्कत ‘श’ केला, त्याचा खरा मूर्धन्य, म्हणजे जिभेचे टोक टाळूकडे वळवून करायचा, उच्चार मला या निमित्ताने प्रथमच गिरवावा लागला. पडजिभेपाशी उमटणारा ‘क़’ आणि जिभेच्या दोन्ही कडांवरून हवा सोडत म्हणायचा ‘त्ल’सारखा ध्वनी मात्र आपल्यालाही नवेच आहेत.

व्याकरणात मला सर्वांत रस वाटला तो क्रियापदांत. ‘लेग़’ म्हणजे पाहणे. ‘क़ालेग़’ म्हणजे मी तुला पाहतो, आणि ‘चोलेग़’ म्हणजे तू मला पाहतोस. कर्ता आणि कर्म या दोघांची खूण एकाच उपसर्गात असते. इंग्रजीतून येणाऱ्याला हे विचित्र वाटते, परंतु ‘तू पोळी खाल्लीस’ या आपल्या वाक्याकडे पाहा. ‘खाल्ली’ हे रूप पोळीच्या लिंगवचनाप्रमाणे आले आहे आणि शेवटचा ‘स’ तू कडून आला आहे. एका क्रियापदाने दोघांची दखल घेण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते. नामांचेही तसेच आहे. प्रत्ययांचे पाच वर्ग ठरलेल्या क्रमाने नामाला जोडले जातात. त्यात अनेकवचनाचा प्रत्यय आधी येतो आणि कारण दाखवणारा सर्वांत शेवटी, जसे ‘चुकांमुळे’ या शब्दात होते.

मात्र क्रियापद शेवटी ठेवण्याची आपली सवय येथे नडते. क्लिंगॉनमध्ये आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता येतो. ‘पुक़ लेग़ याष’ या वाक्यात ‘पुक़’ म्हणजे मूल आणि ‘याष’ म्हणजे अधिकारी. माझ्या डोक्यात कित्येक महिने ‘मूल अधिकाऱ्याला पाहते’ असाच अर्थ यायचा; खरा अर्थ ‘अधिकारी मुलाला पाहतो’ असा आहे. मानवी भाषांत हा क्रम फार विरळा आढळतो, ब्राझीलमधील हिश्करियाना ही त्यांपैकी एक, आणि तो निवडण्यामागचे कारणही तेच होते.

या भाषेकडून व्यवहाराची अपेक्षा ठेवू नका. नवीन शब्द ओक्रँड यांच्याकडून आला तरच तो अधिकृत मानला जातो, आणि शब्दसंग्रह अंतराळयान, शस्त्रे व युद्ध यांकडे झुकलेला आहे. एका अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलाशी पहिली काही वर्षे क्लिंगॉनमध्येच बोलून पाहिले, तेव्हा घरातल्या कित्येक साध्या वस्तूंना शब्दच सापडेनात. पुढे मुलगा ती भाषा विसरूनही गेला.

सुरुवात शब्दकोशाच्या व्याकरण-विभागापासून करावी, असे माझे मत आहे. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर २०१८ पासून क्लिंगॉनचा अभ्यासक्रम आहे, पण तो इंग्रजीतून आहे आणि त्यात नियमांपेक्षा सरावावर भर आहे. शब्दकोशाची १९९२ ची सुधारित आवृत्ती घ्या, कारण तिला पुरवणी जोडलेली आहे. रोमन लिपीत लिहिताना लहान-मोठ्या अक्षरांनी उच्चार बदलतो, तेव्हा पहिले दोन आठवडे शब्द पाठ करण्यापेक्षा हे उच्चारच मोठ्याने म्हणत पक्के करा. मी ते केले नाही, आणि माझे दोन निरनिराळे ‘क़’ अजूनही एकमेकांत मिसळतात.