120 तासांचं काय करू?

वाचकांचे प्रश्न

(सांगली जिल्ह्यातल्या एका दुग्धप्रकल्पाच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत 27 वर्षं काम केलेल्या आमच्या स्तंभलेखिका दर महिन्याला विद्यार्थी-पालकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग आहे, 4 क्रेडिटचं, म्हणजे 120 तास. मला पुण्यातल्या औषध कंपनीत जायचं होतं. पंचवीसेक ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर आलं नाही. आणि पुण्यात राहायचा खर्च घरी झेपणारही नाही. आमच्या वर्गातल्या काही जणी एका लॅबमधून 2,000 रुपये देऊन सर्टिफिकेट आणणार आहेत. घरचे म्हणतात, तूही आण आणि तो वेळ सेट-नेटच्या अभ्यासाला दे. इथे मोठी कंपनी नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी, उदगीर

तुझं पत्र वाचलं आणि कपाटातली जुनी फाइल काढली. तिच्यात 1989 सालचं एक प्रमाणपत्र आहे. बी.एस्सी. झाल्यावर मी एका डेअरीत दोन महिने शिकाऊ म्हणून होते. त्या दोन महिन्यांत मला नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला आणि रजिस्टर उतरवून काढायला बसवलं होतं. निघताना तिथल्या साहेबांनी लिहून दिलं, ‘दुधाच्या सर्व चाचण्या स्वतंत्रपणे केल्या.’ मी ते आनंदाने घेतलं. चार महिन्यांनी दुसरीकडे मुलाखत झाली. समोरच्या बाईंनी प्रमाणपत्र वाचलं आणि विचारलं, “गर्बरला दूध किती घेता?” मी म्हटलं, 10 मिली. त्यांनी फाइल मिटून परत दिली.

गर्बरच्या फॅट चाचणीत आम्ल असतं 10 मिली, दूध 10.75 मिली आणि अमाइल अल्कोहोल 1 मिली. ज्याने ते पिपेट एकदा हातात धरलंय त्याला हे पाठ करावं लागत नाही, कारण पिपेटवर खूणच 10.75 ची असते. मी ते धरलंच नव्हतं. माझ्या नावावर जे लिहिलं होतं ते मी केलेलं नव्हतं, आणि हे त्या बाईंना एका प्रश्नात कळलं.

म्हणून सांगते, ते सर्टिफिकेट आणू नकोस. 2,000 रुपये हा त्यातला लहान भाग. आपल्या कामात रिपोर्टवर सही झाली की टँकर पुढे जातो किंवा परत जातो, आणि त्या टँकरमागे शे-दोनशे घरांचं दूध असतं. न केलेल्या कामाखाली नाव घालायची सवय विद्यार्थिदशेत लागली तर ती पुढे सुटत नाही. हे मी माणसं बघून सांगते आहे.

आता तुझ्या 120 तासांकडे येऊ. दिवसाला 6 तास धरले तर 20 दिवस होतात. पुण्याला जाऊन राहण्याएवढं हे लांब नाही आणि तुला जायची गरजही नाही. तुझ्या उदगीरलाच पशुवैद्यक महाविद्यालय आहे, दुग्धतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे. ही दोन्ही एका तालुक्याच्या गावात असणं हे राज्यातल्या फार थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतं. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन विचार. शिवाय रक्तपेढी आहे का, पाण्याचे नमुने तपासणारी शासकीय प्रयोगशाळा जवळ कुठे आहे, दूध शीतकरण केंद्र कुठे आहे, याची चौकशी कर.

आणखी एक जागा मायक्रोबायोलॉजीच्या मुलींना सुचतच नाही, ती म्हणजे साखर कारखाना. तुझ्या जिल्ह्यात कारखाने आहेत आणि दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा गळीत हंगाम चालू असतो. ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत जितका उशीर, तितका त्यात ल्यूकोनोस्टॉक हा जिवाणू वाढतो, डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो, रस चिकट होतो आणि साखरेचा उतारा घसरतो. तू पुस्तकात हे अर्ध्या पानात वाचलं असशील. कारखान्याच्या लॅबमध्ये ते लाखो रुपयांचं नुकसान असतं, आणि केमिस्ट मंडळींना त्यात रस घेणारं कोणी आलं तर आवडतं. फक्त मार्च उजाडायची वाट बघू नकोस. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की लॅब रिकामी होते.

ईमेलचं उत्तर का आलं नाही हेही सांगते. ‘आपल्या नामांकित कंपनीत इंटर्नशिप करण्याची संधी मिळावी’ असं पत्र आमच्याकडे दर आठवड्याला यायचं. त्यात कोण, कधीपासून, किती दिवस आणि काय येतं, यातलं काहीच नसायचं. असं पत्र बाजूला ठेवलं की राहून जातं. विभागप्रमुखांचं पत्र घे आणि स्वतः जा. डेअरीत सकाळी जाऊ नकोस, तेव्हा टँकर रांगेत असतात आणि कोणी मान वर करत नाही. दुपारी तीननंतर जा. एका कागदावर लिही : अमुक तारखेपासून 20 दिवस, रोज 6 तास, मला ऑटोक्लेव्ह लावता येतो, माध्यम तयार करता येतं, प्लेट ओतता येते, वसाहती मोजता येतात. जे येत नाही ते लिहू नकोस. आणि शेवटी एक वाक्य : बाटल्या धुण्यापासून सुरुवात करायची तयारी आहे. ते वाक्य खरं असेल तरच लिही.

आत गेल्यावर एक वही ठेव. 2013 च्या उन्हाळ्यात जतची एक मुलगी आमच्याकडे होती. तिला मी मिथिलीन ब्लूवर बसवलं, म्हणजे दुधात जिवाणू किती हे निळ्या रंगावरून ओळखायच्या चाचणीवर. 10 मिली दूध, 1 मिली रंग, 37 अंशांचं पाणी आणि घड्याळ. निळा रंग अर्ध्या तासात गेला तर दूध वाईट, पाच तास टिकला तर उत्तम. काम कंटाळवाणं आहे, तासन् तास नळ्या बघायच्या. ती मुलगी गावनिहाय वेळा आपल्या वहीत लिहून ठेवायची, रजिस्टरमध्ये होत्या तरीसुद्धा. पंधराव्या-सोळाव्या दिवशी माझ्यासमोर वही ठेवून म्हणाली, “मॅडम, या गावाचा रंग रोज चार तासांच्या पुढे टिकतो. मग हे तीनच दिवस दीड तासात का गेला?” मला उत्तर माहीत नव्हतं. केंद्रावर फोन लावला. त्या तीन दिवशी वीज गेली होती आणि डिझेल वाचवायला जनरेटर उशिरा लावला होता. बल्क कूलरमधलं, म्हणजे केंद्रावरच्या थंड टाकीतलं, दूध तेवढ्या वेळात तापलं. आमच्या रजिस्टरमध्ये ते आकडे होतेच, पण ते शेजारी शेजारी ठेवून कोणी पाहिले नव्हते. मी त्या दिवशी तिच्या प्रमाणपत्रात हेच लिहायचं ठरवलं. चाचण्यांची यादी न देता या तीन दिवसांबद्दल चार ओळी लिहिल्या. पुढे तिच्या प्रत्येक मुलाखतीत तिला त्याबद्दलच विचारलं गेलं, असं तिने मला सांगितलं.

औषध कंपनीचं स्वप्न सोडू नकोस. तिथल्या मायक्रो लॅबमध्येही नवीन मुलीला पहिल्यांदा माध्यमं, पाण्याचे नमुने आणि हवेत उघड्या ठेवलेल्या प्लेट हेच मिळतं. तिथे सगळ्यात कडक असते ती नोंद : निरीक्षण होईल तेव्हाच शाईने लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही. ही सवय तू उदगीरच्या कुठल्याही लॅबमध्ये 20 दिवसांत लावून घेऊ शकतेस. सेट-नेटचा अभ्यास रात्री कर. आई-बाबांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना तुझी काळजी आहे म्हणून ते तसं म्हणताहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला फोन आला की तुमची इंटर्नशिपसाठी निवड झाली आहे, 4,500 रुपये भरा, नंतर परत मिळतील. काम घरूनच करायचं. मी रिक्षा चालवतो. भरू का? आणि सरकारी पीएम इंटर्नशिप योजनेत महिना 5,000 मिळतात असं ऐकलं, त्यात त्याचा नंबर लागेल का?
— एक पालक, नाशिक

भाऊ, भरू नका. अर्ज केलेला नसताना झालेली निवड ही निवड नसते, आणि काम देणारा माणूस काम मागणाऱ्याकडून पैसे घेत नाही. परत मिळतील असं सांगतात, पण कोणाकडे मागायचे, त्या माणसाचं कार्यालय कुठे आहे, हे मुलाला फोनवर विचारायला सांगा. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, इंटर्नशिप पोर्टलवर विद्यार्थ्याला नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

पीएम इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. तेव्हाच्या नियमांप्रमाणे ती 21 ते 24 वयाच्या, पूर्ण वेळ शिक्षण किंवा पूर्ण वेळ नोकरी चालू नसलेल्या मुलांसाठी होती. महिना 5,000 पैकी 4,500 केंद्र सरकार आणि 500 कंपनी, आणि मुदत एक वर्षाची. तुमचा मुलगा रोज कॉलेजला जातो, त्यामुळे त्या नियमांत तो बसत नव्हता. अर्ज भरायच्या वेळी योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या फेरीची अट वाचा. सायबर कॅफेवाला सांगेल त्यावर जाऊ नका.

डिग्री हातात आल्यावर मात्र शिकाऊ उमेदवारीकडे नक्की बघा. ती 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली असते, तिचा रीतसर करार होतो. 2019 च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान 9,000 रुपये ठरवले आणि किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. खूप पालक इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप एकच समजतात आणि चांगली संधी हातची घालवतात.

सध्या तुम्ही नाशकात आहात हेच भांडवल आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहती तुम्हाला गल्ली न् गल्ली माहीत असतील. कॉलेजचं पत्र आणि स्वतःचे सेफ्टी शूज घेऊन मुलाला सुट्टीत तिथल्या लहान वर्कशॉपमध्ये पाठवा. दहा-पंधरा मशिनच्या शॉपमध्ये मालक स्वतः फिरत असतो, त्याच्याशी थेट बोलता येतं. मुलाने सेटिंग बघावं, पहिला पीस व्हर्नियरने आणि मायक्रोमीटरने मोजावा, रिजेक्शनच्या ढिगातला एकेक तुकडा उचलून तो का नाकारला हे ऑपरेटरला विचारावं. ऑपरेटरला ‘अहो’ म्हणावं. तो मुलापेक्षा कमी शिकलेला असला तरी त्या मशिनवर तोच शिक्षक आहे. काम खऱ्या मशिनवर व्हावं एवढं बघा. घरी बसून होणारी मेकॅनिकलची इंटर्नशिप मला पटत नाही.

प्रश्न : मी सातारला बी.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विषयाला इंटर्नशिप नसते असं सगळे म्हणतात. खरं आहे का?
— एक विद्यार्थी

खरं नाही, पण तुझ्यासाठी जाहिरात निघणार नाही, तुला दार वाजवावं लागेल. साताऱ्याहून एसटीने तासाभरावर वाई आहे, तिथे विश्वकोशाचं कार्यालय आहे. एक नोंद लिहून घेण्यापासून छापायला जाईपर्यंत तिच्यावर किती हात फिरतात हे जाऊन बघ, आणि मदतीला घेतील का ते विचार. साताऱ्यातल्या छापखान्यात, जिल्हा दैनिकाच्या कचेरीत मुद्रितशोधनाचं विचार. ऱ्हस्व-दीर्घ अचूक असलेला मुलगा त्यांना हवाच असतो. आधी चार पानं तपासून दाखव, मग बोल.

माझं स्वतःचं मत विचारशील तर तू मोडी लिपी शिक. मी विज्ञानाची बाई, पण माझ्या माहेरच्या वाटणीचे कागद मोडीत होते आणि ते वाचून देणारा माणूस शोधायला आम्हाला दीड वर्ष लागलं. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर सुरू झालं तेव्हा महसूल कार्यालयांना मोडी वाचकांची किती निकड लागली हे तू वर्तमानपत्रात वाचलं असशील. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं, आणि त्यांचं एक कार्यालय कोल्हापुरात आहे. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून जुने कागद सांभाळून आहे. वर्गात बाराखडी चार दिवसांत येते. खरी अडचण पुढे असते : प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यासाठी रोज एक कागद लावावा लागतो. सहा महिने रोज एक कागद लावलास तर गावातले लोक जुनी दप्तरं घेऊन तुझ्याकडे येऊ लागतील. पहिल्या कागदाचे पैसे घेऊ नकोस, दुसऱ्याचे घे. आणि जो शब्द लागला नाही तिथे टिंबं सोड, अंदाजाने भरू नकोस. त्या शब्दावर कोणाचं तरी शेत अवलंबून असू शकतं.